आजी तीन स्टॉपवर राहते आणि नात माझ्याकडे

आमच्या घरी फॉस्टरची मुलं, म्हणजे सरकारनं आईबापांपासून काढून तात्पुरती दुसऱ्या घरी ठेवलेली मुलं, येतात हे आता इथल्या मराठी मंडळात बहुतेकांना माहीत झालंय. गणपतीला नाहीतर दिवाळीच्या फराळाला कोणी ना कोणी भेटतं आणि म्हणतं, किती पुण्याचं काम करताय गं तुम्ही दोघं. लोक मनापासून म्हणतात, मला बरंही वाटतं. पण घरी येताना गाडीत माझ्या डोक्यात दरवेळी एकच विचार असतो की हे मूल मुळात माझ्याकडे का आलं? त्याला आजी आहे, मावशी आहे, बऱ्याचदा आईपण आहे जी रोज फोनची वाट बघतेय. मग मिनियापोलिसच्या सबर्बमधल्या एका मराठी बाईच्या घरी, जिला त्याच्या घरातलं कोणीही ओळखत नाही, तिच्या गेस्ट रूममध्ये ते का झोपतंय?

आणि दुसरं म्हणजे आमच्याकडे आलेल्या मुलांत गोरी मुलं कमीच. मिनेसोटा तसं गोऱ्यांचं राज्य, नॉर्वे, स्वीडन, जर्मनीहून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं. तरी जी मुलं येतात, एका रात्रीपुरती येवोत की महिनोन् महिने राहोत, त्यात ब्लॅक आणि नेटिव्ह अमेरिकन मुलंच जास्त. हा आमच्या घराचा योगायोग नाहीये. मिनेसोटात गोऱ्या मुलाच्या तुलनेत नेटिव्ह मूल घराबाहेर ठेवलं जाण्याचं प्रमाण दहा पटींहून जास्त आहे. अख्ख्या अमेरिकेत बघायचं तर ब्लॅक मुलं एकूण मुलांच्या १४ टक्क्यांच्या आसपास आणि फॉस्टर केअरमध्ये २२-२३ टक्के. २०१४ साली एक अभ्यास आला होता, त्यात १८ वर्षांचं होईपर्यंत कधीतरी फॉस्टर केअरमध्ये जाण्याची शक्यता काढली होती. सगळी मुलं धरली तर साधारण ६ टक्के, ब्लॅक मुलं ११ ते १२, नेटिव्ह मुलं १५. आणि २०१७ चा दुसरा एक आहे तो वाचून तर मी लॅपटॉप मिटून ठेवला होता, त्यात म्हटलंय की ब्लॅक मुलांपैकी निम्म्याहून जास्त, ५३ टक्के, मुलांच्या घराची मोठं होईपर्यंत एकदा तरी सीपीएसकडून, म्हणजे मुलांच्या संरक्षणाच्या सरकारी खात्याकडून, चौकशी होते. म्हणजे वर्गात वीस ब्लॅक मुलं बसली असतील तर त्यातल्या दहा-अकरा जणांच्या दारात कधीतरी सरकारी माणूस येऊन फ्रिज उघडून बघून गेलेला असणार किंवा पुढे जाणार.

लोकांना वाटतं मूल काढून घेतलं म्हणजे मारहाण झाली असणार, काहीतरी भयंकर झालं असणार. तसं असतंही, मी स्वतः बघितलंय, आणि तेव्हा मूल तिथून निघालंच पाहिजे, एक तास उशीर नको. पण देशभरातले आकडे बघितले तर घरातून काढलेल्या मुलांच्या कागदावर सगळ्यात जास्त वेळा जे कारण असतं ते निग्लेक्ट, हेळसांड, साठ टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये. शारीरिक मारहाण १२ टक्क्यांच्या आसपास, लैंगिक अत्याचार ४ टक्के. आईबापांचं व्यसन मात्र एक तृतीयांशाहून जास्त केसेसमध्ये असतं, ते खोटं नाही. आता ही हेळसांड म्हणजे नक्की काय? घरात हीटिंग बंद आहे, आई नाइट शिफ्टला गेली आणि आठ वर्षांच्या मुलीवर धाकट्याला सोपवून गेली, घरमालकानं बाहेर काढलं म्हणून चार दिवस गाडीत झोपले, मुलाचे दात किडलेत आणि डेंटिस्टकडे नेलेलं नाही. यातलं खरं बेफिकीर किती आणि निव्वळ पैसे नाहीत म्हणून किती? मिनेसोटाच्या जानेवारीत वजा वीस असताना हीटिंग बंद असणं मुलासाठी धोक्याचंच आहे, प्रश्नच नाही. पण त्यावर उपाय बिल भरणं आहे की मूल उचलणं?

आणि अमेरिकेत गरिबी रंगानुसार वाटलेली आहे हे वेगळं सांगायला नको. ब्लॅक वस्त्यांना बँका कर्ज द्यायच्या नाहीत, घरं घेता आली नाहीत, जी पुंजी गोऱ्या आजोबांकडून नातवापर्यंत आली ती इकडे आलीच नाही. म्हणून संकट आलं की सावरायला हाताशी काही नसतं. कंसास की केंटकी, कुठलंही राज्य घ्या, एक पगार चुकला की भाडं थकतं. २०१७ मध्येच दोन संशोधकांनी दाखवलं होतं की किमान वेतन तासाला एका डॉलरनं वाढलं तर निग्लेक्टच्या तक्रारी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास कमी होतात. एका डॉलरनं! पालकत्वाचे क्लासेस नाहीत, काउन्सेलिंग नाही, फक्त तासाला एक डॉलर.

पण सगळं गरिबीवर ढकलून चालत नाही, कारण तितक्याच गरीब, तितक्याच अडचणीतल्या दोन घरांकडे बघायची नजर वेगळी असते. याचे पुरावे जुने आहेत. १९९० साली फ्लोरिडातल्या पिनेलस कौंटीतला अभ्यास आला, गरोदर बायकांच्या लघवीच्या तपासणीत ड्रग्ज सापडायचं प्रमाण गोऱ्या आणि ब्लॅक बायकांमध्ये जवळजवळ सारखंच होतं, तरी ब्लॅक बायकांची तक्रार जवळजवळ दहा पट जास्त झाली. २००२ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका मुलांच्या हॉस्पिटलमधल्या फ्रॅक्चरच्या केसेस बघितल्या गेल्या, तिथेही एक वर्षावरच्या अल्पसंख्य मुलांना मारहाणीच्या संशयावरून तपासणी आणि तक्रार जास्त. हे मी मुद्दाम सांगतेय कारण आपल्यातले किती जण इथे डॉक्टर आहेत, नर्स आहेत, डेंटिस्ट आहेत, शाळेत थेरपिस्ट आहेत, डे केअर चालवतात. हे सगळे मँडेटेड रिपोर्टर, संशय आला की कळवणं कायद्यानं बंधनकारक. हॉटलाइनवरच्या तक्रारींपैकी दोन तृतीयांश अशा व्यावसायिकांकडूनच येतात. म्हणजे ही साखळी सुरू होते ती आपल्यासारख्या सुशिक्षित, चांगल्या हेतूच्या माणसाच्या फोननं.

आपल्या लोकांना या विषयाची भीती मात्र भरपूर. नवीन आलेल्या प्रत्येक आईला कोणीतरी सांगतंच, इथे मुलांवर हात उगारू नको, शाळेत सांगतील, पोलीस येतील. २०११ मध्ये नॉर्वेत एका भारतीय जोडप्याची दोन मुलं नेली तेव्हा आपल्याकडे केवढा आक्रोश झाला, हातानं भरवतात आणि मुलाला बापाच्या शेजारी झोपवतात हेसुद्धा त्यांच्याविरुद्ध धरलं असं कळल्यावर तर प्रत्येक घरात तीच चर्चा. २०२१ मध्ये बर्लिनमध्ये सात महिन्यांची गुजराती मुलगी सरकारनं ताब्यात घेतली, पुढे २०२३ मध्ये १९ पक्षांच्या ५९ खासदारांनी मिळून जर्मन राजदूतांना पत्र लिहिलं. बरोबरच केलं. आपल्या भाषेपासून, आपल्या जेवणापासून मूल तोडलं जातंय हे आपल्याला पोटातून कळतं. मग माझं म्हणणं एवढंच आहे की तोच कळवळा आपल्या शेजारच्या ब्लॅक आईबद्दल का वाटत नाही? अमेरिकेत एशियन मुलांचं फॉस्टर केअरमधलं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येपेक्षा खूपच कमी आहे. ज्याची आपल्याला कहाण्या ऐकून भीती वाटते ते इथे दुसऱ्यांच्या घरात रोज होतंय, आणि आपण मंडळात बसून म्हणतो त्या लोकांना मुलं सांभाळता येत नाहीत. हे वाक्य मी ऐकलंय, एकदा नाही, आणि मला ते सहन होत नाही.

नेटिव्ह मुलांचं तर काय सांगू. आधी घरापासून दूर बोर्डिंग स्कूलमध्ये टाकायचे, केस कापायचे, भाषा बोलली की शिक्षा. ती बंद व्हायला लागली तसं दत्तक सुरू झालं, १९५८ ते १९६७ सरकारच्याच एका प्रोजेक्टमधून ३९५ नेटिव्ह मुलं दूरदूरच्या, बहुतेक गोऱ्या घरांत दिली गेली, आणि त्या प्रोजेक्टबाहेर राज्यं आणि चर्चच्या संस्था देत होत्या ती वेगळीच. सत्तरच्या दशकात पाहणी झाली तेव्हा निघालं की देशभरातली २५ ते ३५ टक्के नेटिव्ह मुलं आपल्या घरापासून तोडलेली होती. मिनेसोटाचा आकडा अमेरिकन काँग्रेसच्या १९७८ च्या अहवालातच आहे, १८ वर्षांखालच्या दर आठ नेटिव्ह मुलांमागे एक दत्तक घरात, आणि १९७१-७२ मध्ये वर्षाच्या आतल्या दर चार बाळांमागे जवळजवळ एक दत्तक गेलेलं. चारात एक बाळ. मिनियापोलिसच्या फ्रँकलिन अॅव्हेन्यूवरून आपण जातो, तिथल्या नेटिव्ह वस्तीतल्या आज्यांच्या पिढीनं हे भोगलंय.

त्यातूनच १९७८ चा इंडियन चाइल्ड वेल्फेअर अॅक्ट आला, सगळे इक्वा म्हणतात. त्यात दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक, मूल काढायचंच झालं तर आधी नातेवाईक, मग त्याच्या ट्राइबमधलं घर, मग दुसऱ्या ट्राइबचं, परकं घर सगळ्यात शेवटी. आणि दोन, मूल काढायच्या आधी घर टिकवण्यासाठी केस वर्करनं, म्हणजे त्या कुटुंबाची केस बघणाऱ्या कर्मचाऱ्यानं, खरोखर खटपट केलेली असली पाहिजे, नुसता ट्रीटमेंट सेंटरचा फोन नंबर हातात देऊन जाणं चालणार नाही, अपॉइंटमेंट घेऊन द्यायची, गाडी नसेल तर न्यायची सोय करायची, घर शोधायला मदत करायची. या कायद्याला कोर्टात आव्हान दिलं होतं, वंशावर आधारित भेदभाव आहे म्हणून. १५ जून २०२३ ला सुप्रीम कोर्टानं ७ विरुद्ध २ मतांनी कायदा टिकवला. तो निकाल ज्या दिवशी आला त्या दिवशी मी कामावर होते आणि बाथरूममध्ये जाऊन रडले, खरं सांगते. कायदा असूनही मिनेसोटात नेटिव्ह मुलांचे आकडे एवढे वाईट आहेत हे खरंच, पण कायदा नसता तर काय असतं याची कल्पना करवत नाही.

ब्लॅक मुलांसाठी असं काही नव्हतंच. त्यांच्यासाठी वेगवेगळे प्रयोग झाले. कर्मचाऱ्यांना पूर्वग्रहांचं ट्रेनिंग देणं तर सगळीकडेच झालं, दिवसभर पॉवरपॉइंट आणि सर्टिफिकेट, त्यावर मला जास्त लिहायचं नाही. एक प्रयोग मात्र गाजला, न्यूयॉर्क राज्यातल्या नॅसॉ कौंटीचा. मूल काढायचं का हे ठरवणाऱ्या कमिटीपुढे केस ठेवताना नाव, वंश, वस्ती, झिप कोड सगळं झाकायचं, फक्त काय घडलं आणि घरात कोण आहे एवढंच सांगायचं. कौंटीनं सांगितलं की काढलेल्या मुलांमधला ब्लॅक मुलांचा वाटा निम्म्यावर आला. ऐकायला इतकं सोपं आणि इतकं छान की २०२० मध्ये न्यूयॉर्क राज्यानं सगळ्या कौंट्यांना हे करा म्हणून सांगितलं. पुढे संशोधकांनी मिशिगनमधल्या असल्याच प्रयोगाचे आणि नॅसॉचे आकडे नीट तपासले तर फारसा परिणाम दिसेना. मला ते वाचून आश्चर्य वाटलं नाही. कमिटीपुढे कागद येईपर्यंत फोन कोणाबद्दल गेला, फोनवरच्या माणसानं तो पुढे पाठवला का, वर्करनं घरात जाऊन काय बघितलं आणि काय लिहिलं, हे सगळं होऊन गेलेलं असतं. त्यानंतर नाव खोडून काय उपयोग? ते लिहिणाऱ्या वर्करला तर घर माहीतच असतं.

त्यातल्याच काही संशोधकांनी पुढे मिशिगनच्या दोन लाखांहून जास्त तक्रारी घेऊन अजून खोलात अभ्यास केला आणि तो मला आतापर्यंत वाचलेल्यांत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. घरी ठेवलं तर पुढे मुलाला धोका किती, तो धोका सारखाच असताना ब्लॅक मूल फॉस्टरमध्ये जायची शक्यता ५५ टक्क्यांनी जास्त निघाली. फरकाचा लहान हिस्सा हॉटलाइनवर फोन घेणाऱ्यांचा, मोठा हिस्सा घरी जाऊन चौकशी करणाऱ्यांचा. आणि हा फरक जास्त कुठे दिसला तर जिथे खरंच धोका होता अशा केसेसमध्ये. म्हणजे गोऱ्या घरातलं मूल खरोखर धोक्यात असताना तिथेच ठेवलं जातंय, कारण घर नीटनेटकं आहे, आई व्यवस्थित बोलते, असलं काहीतरी. तर या भेदभावात गोऱ्या मुलांचाही बळी जातोय. जे लोक म्हणतात की वंशाचा विषय काढला की मुलांची सुरक्षितता मागे पडते, त्यांनी हे वाचावं.

सुरक्षिततेचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. २०१३ मध्ये इथे मिनेसोटात चार वर्षांच्या एका मुलाचा मार खाऊन मृत्यू झाला, त्याच्याबद्दल आधी पंधरा तक्रारी गेलेल्या. राज्य हादरलं, गव्हर्नर मार्क डेटन यांनी टास्क फोर्स नेमला, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मुलं काढण्याचं प्रमाण चांगलंच वाढलं. वर्करच्या जागी मी असते तर मलाही झोप लागली नसती. मूल घरी ठेवलं आणि काही झालं तर पेपरात नाव येणार, मूल काढलं आणि आयुष्यभरासाठी त्याचं काही तुटलं तर ते कुठल्याच पेपरात येत नाही. पण वाढलेली ती सगळी मुलं त्या मुलासारख्या घरांतून आली नव्हती. घाबरून जाळं टाकलं की त्यात जे गरीब आणि आधीच नजरेत आहेत तेच आधी सापडतात.

मग काय चालतं? मला दोन गोष्टींवर विश्वास आहे. पहिली, आईला चांगला वकील, आणि लवकर. न्यूयॉर्क शहरात अशी ऑफिसेस आहेत जिथे वकिलाबरोबर सोशल वर्कर आणि स्वतः या सगळ्यातून गेलेली एखादी आई, अशी टीम मिळते. २०१९ मध्ये त्याचा अभ्यास आला, अशी टीम मिळालेल्या पालकांची मुलं चार वर्षांत सरासरी ११८ दिवस कमी फॉस्टरमध्ये राहिली, आणि मुलांची सुरक्षितता कमी झाली नाही. ११८ दिवस म्हणजे लहान मुलाच्या आयुष्यातले दोन वाढदिवसांमधले एक तृतीयांश दिवस. आणि हे दिवस महत्त्वाचे यासाठीही की १९९७ च्या कायद्यानुसार मूल २२ महिन्यांपैकी १५ महिने फॉस्टरमध्ये राहिलं की सर्वसाधारणपणे आईबापांचा हक्क कायमचा काढायची प्रक्रिया सुरू करावी लागते. घर मिळायला, व्यसनातून बाहेर यायला, कोर्टाच्या तारखा पडायला पंधरा महिने कुठेच जात नाहीत.

दुसरी गोष्ट नातेवाईक, आणि यासाठीच मी हे एवढं लिहायला बसले.

आमच्याकडे एक मुलगी होती. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, वय सांगत नाही. आली तेव्हा तिचं सामान कचऱ्याच्या काळ्या पिशवीत होतं, बहुतेकांचं असंच येतं. केस गुंतून घट्ट झालेले, आणि मी तिला हात लावू पाहिला की ती मान आत ओढून घ्यायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आजीशी व्हिडिओ कॉल झाला, आणि आजीनं पहिलं काही बघितलं असेल तर ते केस. मला म्हणाली, तुझ्याकडे स्प्रेची बाटली आहे का? मग पुढचा दीड तास आम्ही तिघी त्यावर होतो. मुलगी खाली उशीवर माझ्या गुडघ्यांच्या मध्ये बसलेली, हातात फोन उलटा धरून आजीला तिचं डोकं दिसेल असा. कोरड्या केसांना कंगवा लावायचा नाही, आधी पाणी, मग कंडिशनर भरपूर, अजून, अजून घे, घाबरू नको, मग बोटांनी भाग पाडायचे, आणि टोकापासून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे यायचं. मी सांगलीची, आईनं रविवारी खोबरेल तेल थापून वरून खाली खसाखसा विंचरलेलं, माझा हात आपोआप वरून खाली जायचा आणि आजी फोनमधून ओरडायची. मुलगी आल्यापासून पहिल्यांदा हसली. शेवटी आजीनं सांगितलं की रात्री सॅटिनची टोपी घालायची, तिची जांभळी आहे, माझ्याकडेच राहिलीय.

ही आजी आमच्या घरापासून बसचे तीन स्टॉप दूर राहत होती. तीन स्टॉप. तिनं पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं की नात मला द्या. आणि का दिली नाही? एकच बेडरूम आहे, मुलीसाठी वेगळी खोली नाही. आजीच्या नावावर तरुणपणीचा एक गुन्हा आहे, वीसेक वर्षांपूर्वीचा, तो बाजूला ठेवून परवानगी देता येते पण त्यासाठी अर्ज, जुने कोर्टाचे कागद, शिफारसपत्रं. घरात तिचा मोठा मुलगा राहतो, त्याचे फिंगरप्रिंट. तो रात्री काम करतो, फिंगरप्रिंटचं ऑफिस दिवसा उघडं. दरम्यान केस वर्कर बदलली, नवीन वर्करला फाइल सापडेना. या सगळ्यात शाळेचं जवळजवळ अख्खं वर्ष गेलं. आम्हाला फॉस्टर घराचं लायसन्स मिळवताना एवढा त्रास झाला नव्हता, कारण आमच्याकडे रिकामी खोली होती, प्रिंटर होता, ऑफिसमधून दोन तास सुटून जाता येत होतं, आणि ऑफिसरशी कसं बोलायचं ते माहीत होतं.

आणि पैशांचं बघा. आम्हाला दरमहा मुलाच्या वयाप्रमाणे पैसे मिळतात, मुलाच्या गरजा जास्त असतील तर वर आणखी, ट्रेनिंग मिळतं, अडचण आली तर फोन करायला माणूस असतो. आजीनं लायसन्सशिवाय नात ठेवली असती तर यातलं बहुतेक काहीच नाही, वेल्फेअरमधून थोडेफार. तिच्या भाड्यात आणि दोन बेडरूमच्या भाड्यात जो फरक होता तो आम्हाला मिळणाऱ्या रकमेत बसत होता. मी हे वर्करला बोलूनसुद्धा दाखवलं. ती म्हणाली, मला मान्य आहे, पण ते पैसे त्या खात्यातून तिकडे देता येत नाहीत.

आपल्याला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. मामाकडे राहून शिकलेले, आत्याकडे वाढलेले, आजोळी सातवीपर्यंत असलेले आपल्या प्रत्येक घरात आहेत. माझा मामेभाऊ आमच्याकडेच होता, एका खोलीत आम्ही तीन मुलं झोपायचो आणि कोणी येऊन खोली मोजली नाही. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून अशा मुलांच्या घराला दरमहा सरकारी अनुदानसुद्धा मिळतं, थोडं असेल, कागदपत्रांचे हाल असतील, पण कल्पना तीच की घराला हातभार लावा. ब्लॅक कुटुंबांमध्ये ही रीत आपल्याइतकीच जुनी आणि घट्ट आहे, आज्यांनी, मावश्यांनी पिढ्यान्पिढ्या मुलं वाढवलीत. जी गोष्ट ते लोक स्वतःहून करत आले तिलाच लायसन्सचे नियम आडवे येतात, आणि जुना गुन्हा, लहान घर, कमी उत्पन्न हे नियम वाचायला सगळ्यांना सारखे असले तरी लागतात कोणाला ते दिसतंच. जास्त पोलीस जिथे फिरतात तिथल्याच आजीचं रेकॉर्ड असतं.

थोडं बदलतंय. सप्टेंबर २०२३ मध्ये इथल्या, अमेरिकेच्या केंद्र सरकारनं नियम काढला की राज्यांना नातेवाइकांसाठी वेगळे, सोपे लायसन्सचे निकष ठेवता येतील आणि लायसन्स मिळालेल्या नातेवाइकाला परक्या फॉस्टर घराइतकेच पैसे द्यावे लागतील. देशभरात फॉस्टरमधली साधारण एक तृतीयांश मुलं नातेवाइकांकडे आहेत, ते निम्म्याच्या वर जायला काही हरकत नाही. आणि मिनेसोटात मे २०२४ मध्ये गव्हर्नर टिम वॉल्झ यांनी आफ्रिकन अमेरिकन कुटुंबांसाठीच्या कायद्यावर सही केली, कित्येक वर्षं हे बिल विधानसभेत अडकून होतं. इक्वामधली ती खरोखर खटपट करण्याची अट आता ब्लॅक मुलांना, आणि वंश, अपंगत्व किंवा गरिबीमुळे ज्यांचं प्रमाण फॉस्टरमध्ये फाजील आहे अशा सगळ्याच मुलांना लागू होणार, म्हणजे गरीब गोरं मूलसुद्धा त्यात आलं. नातेवाईक शोधणं, त्यांना कळवणं, त्यांना लायसन्ससाठी मदत करणं हे वर्करचं काम ठरलं. १ जानेवारी २०२५ पासून हेनेपिन आणि रॅमझी या दोन कौंट्यांत सुरुवात आणि १ जानेवारी २०२७ पासून पूर्ण राज्यात, असं कायद्यात लिहिलंय. माझी काळजी वेगळीच आहे. खटपट करायला माणूस लागतो, आणि वर्कर आधीच इतक्या केसेसखाली दबलेत की वर्षभरात सोडून जातात. कायदा झाला आणि माणसं वाढवली नाहीत तर कागदावर खटपट केली असं लिहिलं जाईल आणि आजी फिंगरप्रिंटच्या रांगेत तशीच उभी. लहान कौंट्यांमध्ये तर हे सगळं बघायला दोन-चारच माणसं असतात.

त्यामुळे माझं मत अगदी ठाम झालंय की परक्याच्या घरी मूल गेल्यावर जो पैसा आणि जी मदत सुरू होते ती आधी आईच्या आणि नंतर आजीच्या दारात गेली पाहिजे, आणि आमच्यासारखी घरं फक्त तेव्हाच, जेव्हा खरंच कोणी नाही. आमचं घर रिकामं राहिलं तर मला आनंदच आहे.

ती मुलगी आता आजीकडे आहे. परवानगी मिळाली, आजीला दोन बेडरूमचं घर मिळालं, एका चर्चनं डिपॉझिट भरलं. मी अधूनमधून रविवारी तिला ठेवून घेते म्हणजे आजीला जरा आराम.

आता कामाचं. ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉलमध्ये, जे कोणी वाचताय, आमच्या ओळखीच्या दोन आज्या आणि एक मावशी सध्या लायसन्सच्या मागे आहेत आणि त्यांना सिंगल बेड, गादी, ड्रेसर आणि मुदत न संपलेली कार सीट लागणार आहे, होम व्हिजिटच्या आधी. कार सीटच्या खाली तारीख छापलेली असते ती बघून मगच सांगा, आणि अपघातात गेलेली नको. वकील कोणी असाल आणि जुन्या गुन्ह्याच्या माफीचे अर्ज लिहून देता येत असतील तर तुम्हाला मी स्वतः घरी येऊन भेटेन. आणि जे डॉक्टर, टीचर, डे केअरवाले आहेत त्यांना एकच विनंती, मुलाला इजा होतेय असा संशय असेल तर फोन कराच, क्षणभर थांबू नका, पण कोट नाही, डबा नाही, अंघोळ नाही एवढंच दिसत असेल तर आधी त्या आईला विचारा की काय लागतंय, आणि मग मला मेसेज टाका, कोट आमच्या गराजमध्ये सगळ्या साइजचे आहेत.